मागच्या रांगेतला ट्रॉम्बोन

दौंड-मनमाड लोहमार्गावरचे बेलापूर स्टेशन बेलापुरात नाही, श्रीरामपुरात आहे. गाव प्रवरेकाठी आणि स्टेशन भलतीकडे. त्यात नवी मुंबईतल्या बेलापूरची भर, त्यामुळे नवख्या पाहुण्याची फसगत ठरलेली. या स्टेशनातून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसले की थोड्याच वेळात गोदाकाठचे पुणतांबे लागते. तिथे १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. सिनेमाच्या दुनियेने त्यांना सी. रामचंद्र केले. याच टापूतल्या हरेगावात, जिथे बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता, २५ डिसेंबर १९३२ रोजी प्रभाकर जोग जन्मले. एकाने इतरांकडून वाजवून घेतले, दुसऱ्याने आयुष्याचा मोठा भाग इतरांसाठी व्हायोलिन वाजवले. उसाच्या आणि मोसंबीच्या या पट्ट्यातून निघालेली ही दोन माणसे मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत पोहोचली, तेव्हा तिथे त्यांना एक तिसरी जमात भेटली. पितळी वाद्ये फुंकणारे गोव्याचे जॅझवाले.

१९५१ साली मास्टर भगवान यांचा ‘अलबेला’ आला. संगीत सी. रामचंद्रांचे. त्यातल्या नाचगाण्यात पडद्यावर झुलत वाजवणारा जो ताफा दिसतो, ते वेश चढवलेले एक्स्ट्रा नव्हेत. तो खराखुरा बँड आहे आणि त्याचा म्होरक्या आहे चिक चॉकलेट. त्याचे खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातले हळदोणे. मुंबईत या ट्रम्पेटवाल्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ‘अलबेला’च्या गाण्यांवर लोक थिएटरात नाणी उधळीत असत, असे जुने लोक सांगतात. नाणी भगवानच्या नाचावर पडत होती हे खरे. पण पाय थिरकवणारी जी पितळी गर्जना होती, ती जॅझच्या माहेराहून, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सहून, निघून गोव्याच्या माणसांच्या फुप्फुसांतून मुंबईत आली होती. तिथून ती आगगाडीने येणाऱ्या फिल्मच्या डब्यांतून तालुक्याच्या गावी उतरली.

या गर्जनेत वरचा, लखलखीत, चटकन कानात शिरणारा आवाज ट्रम्पेटचा. त्याच्या खाली पसरलेला, रुंद आणि किंचित खर्जातला आवाज असतो तो ट्रॉम्बोनचा. ट्रम्पेटवाल्याचे नाव कधीमधी तरी कुणी विचारते. ट्रॉम्बोनवाल्याच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

ट्रॉम्बोन म्हणजे वळवून आटोपशीर केलेली साधारण नऊ फुटांची पितळी नळी. एका टोकाला वाटीसारखा माउथपीस, दुसऱ्या टोकाला फुललेला कर्णा. ट्रम्पेटला तीन खटके असतात. ते दाबले की नळीची लांबी बदलते आणि सूर बदलतो. नेहमीच्या ट्रॉम्बोनला खटकेच नाहीत. त्याऐवजी नळीचा एक इंग्रजी यू अक्षरासारखा भाग सायकलच्या पंपाच्या दांड्यासारखा आतबाहेर सरकतो. याला स्लाइड म्हणतात. स्लाइडच्या सात जागा मानलेल्या आहेत आणि प्रत्येक जागेला सूर अर्ध्या स्वराने उतरतो. एकाच जागेवर ओठांचा ताण कमीजास्त करून खालपासून वरपर्यंत अनेक स्वर काढता येतात. गंमत अशी की या सात जागांच्या खुणा दांड्यावर कुठेच नसतात. हात कुठे थांबवायचा हे कानाने ठरवायचे. आपल्या सारंगियाला जे करावे लागते तेच इथे, फक्त बोटांऐवजी अख्खा दंड हलतो. बाकीच्या पितळी वाद्यांना खटक्याखटक्याने उड्या मारीत जावे लागते. ट्रॉम्बोन मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकतो. अस्सल मींड काढणारे पितळी वाद्य म्हणायचे तर ते हेच.

हे वाद्य नवे नाही. पंधराव्या शतकापासून ते युरोपात आहे आणि कित्येक पिढ्या ते चर्चमधल्या गायकवृंदाला साथ करीत राहिले. बेथोव्हनने १८०८ साली आपल्या पाचव्या सिंफनीच्या शेवटच्या भागात तीन ट्रॉम्बोन घातले, ते वाजेपर्यंत वादक तीन भाग नुसते बसून असतात. जन्मापासून साथीचे वाद्य, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्समध्ये बँड घोडागाडीवर बसून जाहिरात करीत फिरत. पुढे सरकणारा दांडा शेजाऱ्याच्या मानेत बसू नये म्हणून ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या फळीवर बसवत. किड ओरी हा त्या ढंगाचा नामांकित वादक. कॉर्नेट गाण्याची चाल धरायचा, क्लॅरिनेट तिच्याभोवती नक्षी काढायचे आणि ट्रॉम्बोन खालून मोकळ्या जागा भरत, घसरत, कधी गुरगुरत त्या दोघांना उचलून धरायचा. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातला ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन तर मोरी तुंबली की वापरतात तो रबरी पंप कर्ण्याच्या तोंडाशी उघडझाप करीत वाजवी आणि वाद्याला माणसासारखे बोलायला लावी. १९२६पासून १९४६ साली मरण येईपर्यंत तो एलिंग्टनकडेच होता. वीस वर्षे एकाच्याच मागे बसणे ही जॅझमध्ये नामुष्की मानली जात नाही. ती नोकरी असते, आणि चांगली नोकरी असते.

साथीदाराचा हा धंदा नेमका कसा चालतो हे अमेरिकेतल्या दोन-तीन कारकिर्दींवरून नीट कळते. हुआन टिझोल मूळचा पोर्तो रिकोचा. तो एलिंग्टनकडे १९२९ साली आला. खटक्यांचा ट्रॉम्बोन वाजवायचा आणि एलिंग्टनच्या स्वरलेखनाच्या कागदांच्या सुवाच्य नकला करायचा. १९३६ साली त्याने ‘कॅराव्हान’ ही चाल बांधली. आजही जगातले बहुतेक जॅझवाले ती वाजवतात. टिझोलने तिचे हक्क २५ डॉलरना विकून टाकले होते. चाल गाजल्यावर प्रकाशकाने त्याला पुढच्या मानधनात वाटा दिला, हे त्याचे नशीब. लेबलवर नाव मात्र एलिंग्टनचे ठळक.

जे. जे. जॉन्सनची गोष्ट आणखी बोलकी आहे. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी चाळिशीच्या दशकात जो वेगवान, वळणावळणाचा जॅझ आणला, तो ट्रॉम्बोनवर वाजवणे अशक्य असे लोक धरून चालले होते. दांडा इतक्या चपळाईने हलणारच कसा? जॉन्सनने तो हलवून दाखवला. इतका सफाईने, की तो खटक्यांचे वाद्य वाजवतो आहे असा ऐकणाऱ्यांचा समज होई. आणि हाच माणूस १९५२ ते १९५४ या काळात न्यूयॉर्कजवळच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे तपासण्याची नोकरी करीत होता, कारण ट्रॉम्बोनवर घर चालत नव्हते. पुढे १९७० साली त्याने कॅलिफोर्निया गाठले आणि चित्रपट-दूरचित्रवाणीसाठी संगीत लिहून पोट भरले. जगातला पहिल्या क्रमांकाचा ट्रॉम्बोनवादक शेवटी सिनेमाच्या आसऱ्याला गेला. मुंबईत हे आधीच घडून गेले होते.

तिसरा जॅक टीगार्डन. टेक्सासचा हा माणूस मऊ, आळसावलेला, गाणाऱ्या गळ्याच्या जवळ जाणारा ट्रॉम्बोन वाजवी. १९३९ साली त्याने स्वतःचा मोठा बँड काढला आणि सात वर्षांत दिवाळे वाजवून घेतले. मालकी त्याला जमली नाही. १९४७ साली तो लुई आर्मस्ट्राँगच्या मागे साथीला उभा राहिला आणि तिथे त्याची कला पुन्हा बहरली. १९५८-५९च्या हिवाळ्यात अमेरिकी सरकारने त्याला आशियाच्या दौऱ्यावर पाठवले, त्यात भारतही होता. शीतयुद्धातल्या या सांस्कृतिक राजकारणामुळेच १९५८ साली पियानोवादक डेव्ह ब्रुबेक आणि १९६३ साली एलिंग्टन मुंबईत वाजवून गेले. एलिंग्टनच्या ताफ्यात तेव्हा तीन ट्रॉम्बोन होते: लॉरेन्स ब्राउन, बस्टर कूपर आणि चक कॉनर्स.

मुंबईची जॅझशी ओळख मात्र त्याही आधीची. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकी बँड घेऊन ताज महाल हॉटेलात आला. त्यानंतर कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड असे कसलेले लोक इथे राहून वाजवू लागले. अमेरिकेत ज्यांना मागच्या दाराने आत जावे लागे, ते मुंबईत संस्थानिकांच्या मेजवान्यांत मानाने मिरवत. वेदरफर्ड तर परत गेलाच नाही. १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. या मंडळींच्या शेजारी बसून, त्यांचे कागद वाचून, त्यांच्या लकबी उचलून गोव्याचे वादक जॅझ शिकले. १९३९पासून सुमारे दोन दशके ताजचा वाद्यवृंद मिकी कोरिया यांच्या हाती होता, म्हणजे तोवर विद्यार्थी गुरूंच्या खुर्चीवर बसले होते.

गोव्याचेच का? कारण गोव्यात गावोगावच्या चर्चशाळांतून ‘मेश्त’, म्हणजे संगीताचे मास्तर, मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत. पाच रेघांवरचे ठिपके पाहून पहिल्या फटक्यात वाजवून दाखवणारी शेकडो पोरे त्या शाळांतून तयार झाली. गावात मात्र लग्न, फेस्त आणि प्रेतयात्रा सोडली तर काम नव्हते. मग बोटीने नाहीतर रेल्वेने मुंबई. तिथे धोबीतलावला गावाच्या नावाचे ‘कूड’, म्हणजे सामायिक बिऱ्हाड. भिंतीलगत ट्रंका, कोपऱ्यात आल्तार आणि खुंटीला वाद्याची पेटी. मूकपट चालत तेव्हा थिएटरच्या खड्ड्यात बसून वाजवणे हे मोठे काम होते. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला आणि ते गेले. हॉटेल आणि क्लब राहिले. मग स्वातंत्र्य आले. गोरे साहेब गेले, संस्थानिकांचे तनखे आले पण थाट ओसरला. १९४९च्या दारूबंदी कायद्याने उरल्यासुरल्या नाचघरांचे कंबरडे मोडले. दारूशिवाय नाच आणि नाचाशिवाय बँड फार दिवस टिकत नाही.

फाळणीनेही माणसे इकडे लोटली. सेबॅस्टियन डिसोझा लाहोरच्या हॉटेलात बँड चालवीत होते, ते मुंबईला आले आणि शंकर-जयकिशन यांचे अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ लिहून देणारे, झाले. राज कपूरच्या चित्रपटांत तंतुवाद्यांचा जो समुद्र उसळतो, तो कागदावर उतरवणारा हात त्यांचा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवीत. त्यांच्या एका शिष्याने, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालने, १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात गुरूचे नाव घातले. ते नाव आज गल्लीतल्या पोरालाही पाठ आहे, पण ते एका जिवंत माणसाचे होते हे फार थोड्यांना ठाऊक. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजवीत, संगीतकारांना साहाय्य करीत, आणि त्या कमाईतून त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले.

स्टुडिओतले काम हॉटेलातल्या कामापेक्षा अगदी वेगळे होते. हॉटेलात रात्र मोठी असते. तिथे ट्रॉम्बोनवाल्याला उभे राहून एखादे आवर्तन स्वतःच्या मनाने वाजवता येई. बारा ‘बार’चा ब्लूज असो की बत्तीस ‘बार’चे गाणे, तेवढ्या वेळात तो राजा. सिनेमाच्या गाण्यात सुरुवातीचे वाद्यसंगीत, मग मुखडा, दोन अंतऱ्यांमधले तुकडे, बस्स. ट्रॉम्बोनला त्यात कधी दोन ओळी, कधी नुसता एक लांब खर्ज. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी, अरेंजर ती ऐकून प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद लिही. गोव्याच्या मंडळींना पाच रेघा, सतार-बासरीवाल्यांना देवनागरीत सारेगम. एकाच खोलीत दोन लिप्या सुखाने नांदत.

सकाळी तालीम सुरू होई. ताडदेवचे फेमस आणि फिल्म सेंटर, वांद्र्याचे मेहबूब ही नेहमीची ठिकाणे. पितळी वाद्यांचा आवाज मोठा, म्हणून त्यांना मायक्रोफोनपासून लांब, मागच्या रांगेत बसवत. न्यू ऑर्लिन्सच्या घोडागाडीपासून ताडदेवच्या स्टुडिओपर्यंत ट्रॉम्बोनवाल्याची जागा काही बदलली नाही. वेगवेगळ्या पट्ट्यांवर ध्वनिमुद्रण करायची सोय येईपर्यंत गायक आणि पन्नास-साठ वादक सगळे एकाच वेळी, एका दमात वाजवीत. कोणी एक चुकला की अख्खे गाणे पुन्हा पहिल्यापासून. दहाव्या टेकला गायिकेचा आवाज जमून आलेला असताना मागून ट्रॉम्बोन अर्ध्या सुताने घसरला, तर काय प्रसंग ओढवत असेल याची कल्पनाच केलेली बरी. तेव्हा स्टुडिओतल्या वादकाचा पहिला गुण कल्पकता नव्हे, न चुकणे. जॅझमध्ये मुरलेल्या माणसाला हे जड जात असणार. पण महिन्याचे भाडे त्यावरच निघत होते.

पन्नाशीच्या दशकात मुंबईच्या सिने वादकांनी आपली संघटना बांधली. वादकांच्या श्रेणी ठरल्या, श्रेणीनुसार शिफ्टचे दर ठरले, आणि त्या काळाच्या मानाने पैसा बरा मिळू लागला. व्यस्त वादक सकाळी एका स्टुडिओत, दुपारी दुसऱ्यात, आणि रात्री चर्चगेटच्या एखाद्या रेस्टॉरंटात जॅझ वाजवायला. पोटासाठी दिवस आणि हौसेसाठी रात्र. हिशेब रोख आणि तिथल्या तिथे मिटे. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजत राहिले तरी वादकाचा त्यावर एका पैशाचा हक्क नसे, आणि श्रेयनामावलीत, रेकॉर्डच्या लेबलवर त्याचे नावही नसे.

मग गाणे कोणाचे? हा वाद जुना आहे. जॅझवाल्यांची बाजू घेणारे कधी कधी असे भासवतात की संगीतकार नुसते गुणगुणत आणि खरे संगीत गोव्याचे लोक करीत. हे सी. रामचंद्रांना लागू करणे अन्याय होईल. पुणतांब्याचा हा मुलगा विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला, मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीची साथ करीत वर आलेला. साथीदाराचे जिणे त्याने स्वतः भोगले होते. ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०), ‘अलबेला’ आणि ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांत त्याने पाश्चात्त्य ताल आणि मराठी ठसका असा काही मिसळला, की सांधा कुठे आहे ते सापडत नाही. ‘समाधी’तल्या गाजलेल्या द्वंद्वगीताचा मुखडा ‘डॉल फेस’ या १९४५च्या हॉलीवूडपटातल्या चालीवरून घेतला आहे, हेही तितकेच खरे. पण नुसत्या उचललेल्या चालीवर खेडेगावातली आजी टाळ्या वाजवीत नाही. ती मराठमोळी करायला रामचंद्रच लागतो. उलट, गाणे सुरू होताच, गायकाने तोंड उघडायच्या आत आपण जे ओळखतो, ते पितळी वाद्यांचे पहिले चार ठोके बहुतेक वेळा अरेंजरचे आणि वादकांचे असतात. चाल संगीतकाराची, पण चेहरा दोघांचा. माझ्या मते इतके मान्य करायला कोणाचीच हरकत नसावी.

श्रेय देता येत नव्हते असेही नाही. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘रागा जॅझ स्टाइल’ ही तबकडी काढली. अकरा राग, जॅझच्या अंगाने. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर ल्युसिला पाशेको, ड्रम्सवर लेस्ली गोडिन्हो, गिटारवर अनिबाल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक, तबल्यावर रमाकांत. ही नावे आज आपण घेऊ शकतो, कारण ती छापली गेली. हीच माणसे त्याआधी आणि त्यानंतर असंख्य गाण्यांत निनावी वाजवीत होती.

मुंबईच्या स्टुडिओंतल्या ट्रॉम्बोनचे सर्वांत परिचित नाव ब्लास्को मोन्सोरात. घरच पितळी वाद्यांचे. वडील पीटर ट्रम्पेटवादक, भाऊ जो आणि बॉस्को हेही ट्रम्पेट वाजवणारे, ब्लास्कोंनी ट्रॉम्बोन धरला. राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचम यांच्या ताफ्यात हे नाव आदराने घेतले जाते. पंचमच्या गाण्यांत पितळी वाद्ये नुसती गर्जत नाहीत. ती टोचतात, चिमटा काढतात, दबकत येऊन एकदम अंगावर धावतात. अशा ठिकाणी ट्रॉम्बोनवाल्याला एका श्वासात तीन स्वभाव दाखवावे लागतात आणि लगेच गप्प बसावे लागते. पुण्या-मुंबईत पंचमच्या गाण्यांचे जे कार्यक्रम मूळच्या वादकांना घेऊन होतात, त्यांत ब्लास्को ट्रॉम्बोन आणि किशोर सोढा ट्रम्पेट घेऊन उभे राहिले, की प्रेक्षकांना ज्या आवाजावर आपण वाढलो त्याला चेहरा आहे हे पहिल्यांदा उमगते. अशा कार्यक्रमांचा सर्वांत मोठा उपकार हाच.

आता हरेगावकडे. प्रभाकर जोग यांची कारकीर्द शेजारी ठेवून पाहिली की साथीच्या धंद्याचा मराठी नमुना दिसतो. वयाच्या बाराव्या वर्षी ते पुण्यातल्या वाड्यांमधून व्हायोलिनचे कार्यक्रम करू लागले, बिदागी सव्वा रुपया आणि नारळ. पुढे सुधीर फडके यांचे साहाय्यक, ‘गीतरामायणा’च्या कार्यक्रमांतली साथ, आणि मुंबईत हिंदी संगीतकारांकडे व्हायोलिनवादन. फडके चाल म्हणत असतानाच ती सारेगमात उतरवून घेण्याचे त्यांचे कसब नावाजलेले होते. गोव्याच्या अरेंजरने पाच रेघांवर जे केले, ते जोगांनी देवनागरीत केले. फरक पुढे पडला. जोगांनी स्वतः संगीत दिले. ‘लपविलास तू हिरवा चाफा’ आणि ‘स्वर आले दुरुनी’ या गीतांनी ते घराघरांत गेले. शिवाय त्यांचे व्हायोलिन गाण्याचे शब्द ऐकू यावेत असे गाई, आणि ‘गाणारे व्हायोलिन’ या नावाने त्याचा स्वतंत्र कार्यक्रमच झाला. २०२१ साली ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर रकाने लिहिले. ट्रॉम्बोनवर असे एकट्याने गाणे वाजवून मराठी सभागृह भरवता आले असते का? कठीणच. व्हायोलिन आपण कधीच घरचे करून घेतले आहे. ट्रॉम्बोन अजून वरातीतल्या बँडपलीकडे आपल्या ओळखीचा झालेला नाही, आणि वरातीतूनही डीजेने त्याला हुसकावले आहे.

वाद्याचा दोष नाही. जर्मनीचा आल्बर्ट मँगेल्सडॉर्फ १९६४ साली गोएथे संस्थेतर्फे आशियाचा दौरा करून गेला आणि त्याने ‘नाऊ जॅझ रामवाँग’ ही तबकडी केली. त्यात रविशंकरांच्या संगीतावर आधारलेली एक रचनाही आहे. पुढे तो वाजवता वाजवता त्याच नळीत गाऊ लागला. फुंकलेला स्वर आणि गायलेला स्वर एकमेकांत मिसळून तिसरे, चौथे स्वर निर्माण होत, आणि एकटा माणूस ट्रॉम्बोनवर स्वरसंगती वाजवी. मींड आणि षड्जाचा भरणा दोन्ही एकाच वाद्यात मिळणे ही आपल्या संगीताच्या दृष्टीने केवढी मोठी सोय आहे. कोणा तरुण मराठी वादकाने हे मनावर घ्यावे.

ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला आणि नव्वदीत संगणकावरचे ध्वनिमुद्रण. पन्नास जणांऐवजी एक माणूस, दोन कीबोर्ड. आधी तंतुवाद्यांचा ताफा आटला, मग पितळी वाद्यांचा. कळ दाबून ट्रम्पेटचा ठोका बऱ्यापैकी काढता येतो. ट्रॉम्बोनची घसरण कळीतून येत नाही, कारण कळ ही मुळात तुटक आणि दांडा सलग. पण गाण्यांनी घसरणेच सोडून दिले आणि प्रश्न मिटला. अनेक वादकांनी मुलांना दुसऱ्या धंद्यात घातले.

कायदा हळूहळू जागा झाला. १९९४ सालच्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात वादक-गायकांच्या हक्कांचा समावेश झाला, पण चित्रपटासाठी एकदा संमती दिली की कलावंताचा हक्क संपे. २०१२च्या दुरुस्तीने त्यात बदल करून व्यापारी वापरासाठी मानधनाचा वाटा मान्य केला. ‘अलबेला’च्या बँडमधल्या माणसांना त्याचा उपयोग नव्हता, चिक चॉकलेट १९६७ सालीच गेला होता.

नावे मात्र आता सापडतात. न्यूझीलंडमधले अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना भेटून ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक २००८ साली प्रसिद्ध केले. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’मध्ये मुंबईच्या जॅझचा सगळा जमाना आहे. अशोक राणे यांनी अँथनी गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट केला. तेव्हा श्रीरामपूर-बेलापूरच्या परिसरात सी. रामचंद्रांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळांना एक विनंती. निवेदकाच्या कागदावर गीतकार, गायक आणि संगीतकार यांच्या खाली आणखी एक ओळ वाढवा. ‘अलबेला’च्या गाण्याला चिक चॉकलेटचे नाव घ्या, शंकर-जयकिशनच्या गाण्याला सेबॅस्टियन डिसोझांचे घ्या, आणि त्या संध्याकाळी तुमच्याच मंचावर मागच्या रांगेत जे कोणी वाजवत असतील, त्यांची नावे कार्यक्रम संपल्यावर नव्हे, पहिल्या गाण्याआधी सांगा.